एअर रायफलचा सिंथेटिक स्टॉक: रंग आणि फिनिश कसं निवडायचं, सोलापूरचं ऊन धरून

एअर रायफल घेणारी पोरं स्टॉकबद्दल, म्हणजे रायफलचा जो भाग हातात धरतो आणि खांद्याला-गालाला टेकवतो त्याबद्दल, सगळ्यात जास्त रंगाचंच विचारतात, काळा घेऊ का कॅमो (लष्करी ठिपक्या-पट्ट्यांचा), टॅन भारी दिसतो का ऑलिव्ह ग्रीन, आणि माझं म्हणणं दरवेळी एकच असतं की रंग नंतर बघू, आधी फिनिश ठरव, म्हणजे वरचा पृष्ठभाग चकचकीत का मॅट ते. रंग लांबून बघायचा असतो, फिनिशला मात्र आपला गाल आणि दोन्ही हात रोज लागणार असतात. आपल्या सोलापुरात एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ ला टेकतो तेव्हा घामेजलेला गाल ज्या जागेवर टेकतो ती जागा गुळगुळीत आहे का खरबरीत, तापलेली आहे का सोसवेल एवढी, यावर नेम बराच अवलंबून असतो. गाल दरवेळी त्याच जागी बसला नाही तर डोळा दरवेळी वेगळ्या जागेवरून बघतो आणि पेलेट (एअर रायफलच्या छोट्या गोळ्या) इकडेतिकडे जायला लागतात, मग माणूस स्कोपला शिव्या देतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. नेटवर या विषयाचं जे काही सापडतं ते जवळपास सगळं शिकारीच्या रायफलीबद्दल असतं, आणि आपल्याकडे शिकार बंद आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं. आपल्या दारातच नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे, त्या माळावर काळवीट आहेत, लांडगे आहेत, आणि ससा, तितर, होला हे पण कायद्यानं संरक्षितच आहेत. "एअर गनच आहे की, पाखरंच तर मारतोय" असं म्हणणाऱ्यानं हे नीट ऐकावं, तो गुन्हा आहे. म्हणून हा लेख फक्त टार्गेटवर मारणाऱ्यांसाठी. लायसन्सचं पण थोडक्यात सांगतो, ०.१७७ इंच बोअर (नळीच्या भोकाचा व्यास) आणि २० जूलपर्यंत मझल एनर्जी (नळीतून सुटताना पेलेटची ऊर्जा) असलेल्या एअर रायफलला लायसन्स लागत नाही, यातलं काहीही एक ओलांडलं की लागतं. घेताना बिलावर मॉडेल आणि बोअर लिहून घ्या, आणि ते बिल जपून ठेवा.

आता बाहेरच्या देशातला सल्ला आपल्याला जसाच्या तसा का लागू पडत नाही ते बघू. तिकडचे शिकारी सिंथेटिक स्टॉक घेतात ते मुख्यतः पाऊस-बर्फासाठी, कारण लाकूड ओल पिऊन फुगतं, वाकतं आणि नेम सरकतो, फायबर किंवा नायलॉनचा स्टॉक तसा वागत नाही. रंग ते निवडतात लपण्यासाठी. तिथेही जाणकार सांगतात की हरणाला रंग आपल्यासारखे दिसत नाहीत, लाल-केशरी त्याला वेगळा ओळखू येत नाही, त्याला पटकन दिसते ती हालचाल आणि चमक. म्हणजे लपायचं असेल तरी रंगापेक्षा चमक घालवणं महत्त्वाचं. आपल्याला लपायचं नाहीये, पण चमकेचा मुद्दा आपल्याला पण लागू आहे, फक्त उलट बाजूनं. दुपारचं ऊन ग्लॉसी स्टॉकवरून उडून थेट आपल्याच डोळ्यात येतं आणि साइट धूसर दिसते. आणि पाऊस आपल्याकडे बेताचाच, त्यामुळे आपले खरे शत्रू तीन: ऊन, घाम आणि धूळ. स्टॉक निवडताना हे तीनच डोक्यात ठेवा.

पहिलं काम: कुठे वापरणार ते ठरवा

इनडोअर रेंजवर १० मीटरला मारणार असाल तर उन्हाचा प्रश्नच नाही, कुठलाही रंग चालतो, फक्त गालाची आणि हाताची पकड बघा. मॅच रायफलींचे निळे-लाल ॲल्युमिनियमचे स्टॉक दिसतात ते ॲनोडाइज केलेले (विजेच्या प्रक्रियेनं धातूच्या पृष्ठभागातच रंग मुरवलेले) असतात, त्यांचा हिशोब वेगळा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या कोल्हापूरकडच्या नेमबाज स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ आणलं तेव्हापासून अनेकांना तसाच रंगीत स्टॉक हवाय, इच्छा चांगलीच आहे, पण साध्या स्प्रिंग रायफलच्या (स्प्रिंगच्या जोरावर हवा दाबणाऱ्या) प्लॅस्टिक स्टॉकवर ॲनोडाइजिंग होत नाही, ते धातूवरच होतं. प्लॅस्टिकला तसा रंग द्यायचा तर तो पेंटनंच.

शेतावर किंवा गच्चीवर मारणार असाल तर मात्र पुढचं सगळं नीट वाचा. आणि गच्ची म्हटलं की मागे भरभक्कम भिंत, पुढे पेलेट ट्रॅप (पेलेट अडवणारी पेटी) आणि शेजारच्या गच्चीवर कुणी नाही याची खात्री, यातलं एक जरी नसेल तर मारू नका.

नवीनच घेणार असाल तर माझं स्पष्ट मत, रंगवायच्या भानगडीत पडू नका, ज्या रंगात हवा त्याच रंगात मोल्ड झालेला, म्हणजे साच्यातच ओतलेला, स्टॉक घ्या. मोल्डमध्येच मिसळलेला रंग आरपार असतो, ओरखडा पडला तरी खालून दुसरा रंग डोकावत नाही, सोलून निघत नाही, घामानं फुगत नाही. पेंट कितीही भारी असला तरी तो वरचा थर. रंगवायचं ते जुना स्टॉक पांढुरका पडलाय, ओरखडे आलेत, किंवा फक्त काळाच मिळतोय आणि उन्हात वापरायचाय तेव्हा.

दुसरं काम: प्लॅस्टिक कुठलं ते ओळखा

हे कुणी करत नाही आणि नंतर पेंट पापुद्र्यासारखा निघाला की पेंटरला धरतात. बट पॅड (मागच्या टोकाचं, खांद्याला लागणारं रबर) काढून स्टॉकच्या आतल्या बाजूला बघा, बऱ्याचदा मोल्डमध्ये छोटी खूण असते, पीपी, एबीएस, किंवा पीए६ जीएफ३० असं काहीतरी इंग्रजी अक्षरात. पीए म्हणजे नायलॉन, जीएफ३० म्हणजे त्यात ३० टक्के काचेचे तंतू, हा सगळ्यात मजबूत आणि पेंटही बऱ्यापैकी धरतो. एबीएस पेंट छान धरतो पण थिनर त्याला खातो. पीपी म्हणजे पॉलिप्रोपिलीन, स्वस्त स्टॉक बऱ्याचदा याचे असतात, आणि याच्यावर कुठलाही पेंट नुसता टिकत नाही.

खूण नसेल तर आतल्या बाजूनं, जिथे दिसणार नाही तिथून ब्लेडनं नखाएवढी ढलपी काढा आणि पाण्याच्या ग्लासात टाका, बोटानं दाबून तिच्यावरचे बुडबुडे घालवा. तरंगली तर पीपी किंवा त्याच्या घरातलं प्लॅस्टिक, बुडाली तर बहुतेक एबीएस किंवा नायलॉन. अख्खा स्टॉक बादलीत टाकून बघू नका, आतून पोकळ असतो, हवा धरतो, तरंगणारच.

बुडालेल्यात एबीएस का नायलॉन हे कळायला त्याच आतल्या जागेवर कापसाच्या बोळ्यानं ॲसिटोनचा एक थेंब लावा. एबीएस लगेच चिकट होतं, नायलॉनला काही होत नाही. बाहेरच्या बाजूला हा प्रयोग करू नका, डाग कायमचा राहील.

पीपी निघालं तर घाबरायचं कारण नाही. गाड्यांचे बंपर पण पीपीचेच असतात, आणि सोलापुरात गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्या कुठल्याही बऱ्या मिस्त्रीकडे बंपरचा प्लॅस्टिक प्राइमर असतोच. पेंटच्या दुकानात जाऊन "मालक, बंपरचा प्राइमर द्या" म्हटलं तरी मिळतो. हा पारदर्शक पातळ प्राइमर आधी मारल्याशिवाय पीपीवर काहीही मारू नका.

तिसरं काम: फिनिश ठरवा, आणि इथे घाई नको

ग्लॉसी दिसायला शोरूममध्ये एक नंबर, पुसायला पण सोपं, धूळ ओल्या फडक्यानं एका हातात निघते. पण उन्हात चमकतं, बोटांचे ठसे दिसतात, आणि घाम आला की गाल सरकतो. मॅट उलटं, चमकत नाही, गाल जरा धरून ठेवतं, पण त्याचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असल्यानं काळ्या मातीची धूळ, डोक्याचं खोबरेल तेल, हाताची मळी त्यात बसते आणि निघता निघत नाही. आणि मॅटचा एक खोडसाळपणा असा की तुम्ही जिथे जास्त घासाल तिथे ते हळूहळू चमकायला लागतं. गालाच्या जागी चकचकीत पट्टा आणि बाकी मॅट, असे जुने स्टॉक बघितले असतील तर ते यामुळेच. तो पट्टा परत मॅट करायचा तर अख्खी बाजू नव्यानं मारावी लागते, नुसता डाग टच-अप केला तर तो डाग म्हणूनच दिसतो.

या दोघांच्या मधलं सॅटिन, आणि गालाच्या भागाला, बटला, खालच्या बाजूला मी सॅटिनच सांगतो. चमक डोळ्याला त्रास देण्याइतकी नाही, मळ धरण्याइतकी खरखर नाही, पुसलं की पुसलं जातं.

हाताच्या पकडीसाठी मात्र टेक्स्चर हवं. मोल्डमध्येच चेकरिंग (पकडीसाठी बारीक चौकटींच्या खाचा) किंवा दाणेदारपणा असेल तर ती जागा रंगवू नका, किंवा अगदी पातळ थर द्या, जाड पेंटनं चेकरिंगच्या खाचा बुजतात आणि मग पैसे देऊन घेतलेली पकडच जाते. मोल्ड साधा असेल तर टेक्स्चर पेंट मिळतो, गाड्यांच्या प्लॅस्टिक पार्टला मारतात तो, सुकल्यावर बारीक दाणे उभे राहतात. पण तो गालाच्या जागी अजिबात नको. जाड दाण्याचा टेक्स्चर आणि मे महिन्यातला घामट गाल, तासाभराच्या सरावात कातडी लाल होते. टेक्स्चर ग्रिपला आणि फोरएंडला (पुढचा हात धरतो तो भाग), सॅटिन गालाला, असे दोन भाग मास्किंग टेपनं वेगळे करायचे. एकाच स्टॉकवर दोन फिनिश विचित्र दिसतील असं वाटतं ना, उलट नीट रेषा मारली तर कंपनीचंच वाटतं.

बाकीचे प्रकार पण सांगतो, कारण दुकानदार ते पुढे करणारच.

सॉफ्ट टच, म्हणजे रबरासारखं मऊ कोटिंग. हातात घेतल्या घेतल्या माणूस प्रेमात पडतो. आपल्याकडे घेऊ नका. काही वर्षांनी हे कोटिंग उष्णतेनं आणि दमटपणानं आतून सुटतं आणि चिकट होतं. जुन्या गाडीच्या डॅशबोर्डची बटणं किंवा जुना माऊस चिकचिकीत झालेला आठवा, तेच ते. एकदा चिकट झालं की सगळं खरवडून काढण्यावाचून इलाज नाही.

हायड्रो डिपिंग, म्हणजे पाण्यावर तरंगणारी छापील फिल्म, तिच्यावर ॲक्टिव्हेटर मारून स्टॉक हळूच बुडवायचा आणि डिझाइन चिकटतं. कॅमो, कार्बन फायबर, लाकडाचा पोत, काय हवं ते येतं. फिल्म स्वतः नाजूक असते, तिचं सगळं आयुष्य वरच्या क्लियर कोटवर, म्हणजे पारदर्शक थरावर आहे, म्हणून करणाऱ्याला क्लियर कुठला मारणार आणि मॅट का ग्लॉस हे आधी विचारा. खोल खाचांमध्ये आणि अंगठ्याच्या भोकात फिल्म ताणली जाते, डिझाइन वेडंवाकडं होतं, हे पण गृहीत धरा.

सेराकोटसारखं सिरॅमिक कोटिंग धातूवर अप्रतिम टिकतं आणि थर अगदी पातळ असतो. प्लॅस्टिकवर पण करतात, पण तिथे ते कमी तापमानावर किंवा हवेवर सुकणाऱ्या प्रकारातलं लागतं. करणारा "ओव्हनमध्ये टाकतो" म्हणाला तर किती डिग्रीला, हे विचारल्याशिवाय स्टॉक हातात देऊ नका.

आणि पावडर कोटिंग. अक्कलकोट रोड एमआयडीसीत, चिंचोळीत कुणीतरी हमखास सांगेल, "पावडर मारून घे की बे, आयुष्यभर बघायला नको". खिडकीच्या ग्रिलला ते बरोबरच आहे. पण पावडर कोटिंगची भट्टी साधारण १८० ते २०० डिग्रीला चालते, त्यात पीपीचा स्टॉक वितळेल, एबीएसचा लोळागोळा होईल, आणि काचेच्या तंतूचा नायलॉन वितळला नाही तरी वाकण्याची शक्यता पक्की. सिंथेटिक स्टॉकला पावडर कोटिंग नाही म्हणजे नाही.

चौथं काम: आता रंग

काळ्यापासून सुरू करू, कारण बाजारात तोच जास्त. काळ्या प्लॅस्टिकमध्ये कार्बन ब्लॅक (काजळीसारखी काळी पूड) असतं आणि ते प्लॅस्टिकला अतिनील किरणांपासून चांगलं वाचवतं, म्हणून मोल्डेड काळा स्टॉक उन्हानं लवकर फुटत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण ४२-४३ च्या उन्हात तो अर्धा तास नुसता पडून राहिला तर त्याचा पृष्ठभाग ६० डिग्रीच्या पुढे सहज जातो, आणि त्याला गाल लावायचा म्हणजे चटकाच. इनडोअर वापर, किंवा सकाळी सातच्या आतला सराव असेल तर काळा बिनधास्त घ्या. दुपारचं काही असेल तर नको.

पांढरा सगळ्यात कमी तापतो, पण पेलेट शिशाचे असतात, बोटाला काळपट लागतं आणि तेच स्टॉकवर उमटतं. शिवाय पांढऱ्यावरून ऊन डोळ्यात येतं, मॅट असला तरी. तसंही शिसं पोटात जाऊ नये म्हणून सराव झाल्यावर साबणानं हात धुवायचेच, रंग कुठलाही असो.

मी सांगतो ते मधले रंग. फिका करडा, खाकी, टॅन, किंवा आपल्या माळावरच्या मुरमाचा तांबूस-पिवळट रंग. हे काळ्यापेक्षा बरेच कमी तापतात, पांढऱ्यासारखे डोळ्यावर येत नाहीत, आणि सगळ्यात मोठा फायदा म्हणजे आपली धूळ याच रंगाची असल्यानं ती दिसत नाही. मोहोळ-मंगळवेढ्याकडची काळी माती जरा दिसेल, पण सुकली की ती पण करडीच पडते. ऑलिव्ह ग्रीन छान दिसतो पण गडद शेड घेतला तर तापण्यात काळ्याच्या जवळ जातो, म्हणून घ्यायचाच तर फिकट शेड घ्या.

लाल, निळा, केशरी असे भडक रंग क्लबमध्ये पोरांना देतात त्याला कारण आहे, कुणाची रायफल कुठली ते लांबून कळतं आणि बघणाऱ्याला ती खेळाची वस्तू वाटते. फक्त लाल-केशरी रंग उन्हात लवकर उतरतात, त्यावर यूव्ही सहन करणारा चांगला क्लियर हवाच.

कॅमोबद्दल माझं मत सरळ आहे, टार्गेट शूटिंगला त्याचा काही उपयोग नाही आणि गावाकडे कॅमोवाली रायफल खांद्याला लावून चाललात तर लोक आणि पोलीस दोघांनाही वेगळाच संशय येतो, तो पण अभयारण्याच्या आसपास. हौसच असेल तर घ्या, पण ने-आण बंद बॅगेतून करा, बिल जवळ ठेवून. खरं तर रंग कुठलाही असला तरी बॅगेतूनच न्यायची.

पाचवं काम: गच्चीवरची टेस्ट

पेंटच्या दुकानातलं शेड कार्ड ट्यूबलाइटखाली बघून ठरवू नका. गॅरेजमध्ये तुटक्या बंपरचे तुकडे पडलेले असतात, हातभर तुकडा मागून आणा, त्यावर तुम्हाला आवडलेले तीन-चार रंग आणि दोन फिनिश मारून घ्या, आणि चांगले सुकल्यावर गच्चीवर दुपारी १२ ते ३ ठेवा. मग आधी हाताच्या मागच्या बाजूनं आणि सोसवलं तर गालानं एकेक शिवून बघा. फरक एवढा स्पष्ट कळतो की पुढचा वाद राहत नाही, काळ्यावर हात टेकवत नाही आणि शेजारच्याच फिक्या करड्यावर आरामात राहतो. याच तुकड्यावर रुमाल ओला करून पिळून ठेवा आणि गाल घासून बघा, घामाचा अंदाज येतो. थोडं खोबरेल तेल लावून पुसून बघा, डाग राहतो का. आणि सनस्क्रीन किंवा मच्छरचं क्रीम लावून रात्रभर ठेवा, विशेषतः डीट असलेलं मच्छरचं औषध पेंट आणि काही प्लॅस्टिक मऊ करतं. सकाळी नखानं खरवडून मऊ लागलं तर तो पेंट बाद.

शेवटी ब्लेडनं त्यावर बारीक चौकटी पाडा, आडव्या-उभ्या, त्यावर चांगली चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. चौकटीतले तुकडे पट्टीबरोबर आले तर प्राइमर चुकलाय किंवा प्लॅस्टिक नीट घासलेलं नाही. स्टॉकवर मारण्याआधी हे कळलेलं बरं.

सहावं काम: प्रत्यक्ष रंगवणं

रायफल रिकामी आहे आणि कॉक केलेली (मारायला स्प्रिंग ताणून ठेवलेली) नाही हे दोनदा बघा, मगच स्क्रूला हात लावा. साध्या स्प्रिंग रायफलमध्ये स्टॉक सोडवायला पुढचे दोन आणि ट्रिगर गार्डजवळचे एक-दोन स्क्रू काढले की ॲक्शन (नळी आणि आतली यंत्रणा) वर उचलून येते. तिथेच थांबा. स्प्रिंगचं हाऊसिंग उघडू नका, त्यात ताण असतो आणि उडालं तर डोळा जाईल. पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल) असेल किंवा जरा जरी शंका असेल तर दुकानदाराकडूनच सोडवून घ्या. निघालेले स्क्रू कुठला कुठे ते कागदावर चित्र काढून त्यावरच टेपनं चिकटवा, पुढचे आणि मागचे बऱ्याचदा वेगळ्या लांबीचे असतात.

आता साफसफाई, आणि सगळं काम याच्यावर उभं आहे. स्टॉक भांड्याच्या लिक्विडनं कोमट पाण्यात घासून धुवा आणि दोन दिवस सावलीत वाळवा, लाकडाएवढं नाही तरी नायलॉन थोडं पाणी पितं, वरून कोरडं दिसलं तरी आत ओल असते. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, फडकं एकाच दिशेनं, दरवेळी फडक्याची नवीन बाजू. थिनरनं पुसू नका. आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या: आपण एअर रायफलला सिलिकॉन ऑइल वापरतो, आणि ते थोडं तरी स्टॉकवर आलेलंच असतं. सिलिकॉन राहिलं की ओला पेंट त्या जागेवरून मागे सरकतो आणि गोल गोल खड्डे पडतात, माशाच्या डोळ्यासारखे. पेंटर वरून आणखी पेंट मारतो, खड्डे आणखी मोठे होतात. पुसणं एकदाच नाही, तीनदा करा, आणि पेंट करण्याच्या जागेजवळ सिलिकॉन स्प्रेचा डबा नको.

पुसून झालं की घासणं. ४०० नंबरचा वॉटर पेपर, मग ६००, पाणी लावूनच, चमक जाऊन सगळीकडे सारखं धुरकट दिसेपर्यंत. कोपऱ्यात आणि गोलाईला भांडी घासायची हिरवी घासणी छान चालते. काचेच्या तंतूचा नायलॉन असेल तर कोरडं घासायचं नाहीच, ती बारीक काच अंगाला खाजते आणि छातीत जाणं वाईट. परत धुवा, परत वाळवा, परत पुसा. यानंतर नुसत्या हातानं स्टॉक धरू नका, हातमोजे घाला.

मास्किंग करताना एक जागा विसरू नका, ती म्हणजे स्टॉकच्या आत जिथे ॲक्शन बसते ती खाच आणि स्क्रूची भोकं. तिथे पेंटचा थर गेला की बसणं बदलतं, ॲक्शन एका बाजूला दाबली जाते, आणि नेम सरकतो. आत काहीही मारायचं नाही.

जागा आणि वेळ. मे मध्ये दुपारी स्प्रे केलात तर पेंट हवेतच सुकून पावडरीसारखा बसतो, हात फिरवला की खरखर लागते. पावसाळ्यात दमट हवेत लॅकर पांढुरका पडतो. ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत सकाळी नऊ-दहाची वेळ आपल्याकडे उत्तम, उन्हाळ्यात करायचंच तर सूर्य वर यायच्या आत. फरशीवर पाणी शिंपडून घ्या म्हणजे धूळ बसते, पंखा बंद. पूर्व भागात राहत असाल आणि घरात किंवा शेजारी लूम (माग) चालू असेल तर तिथे अजिबात मारू नका, कापसाचे बारीक तंतू हवेत सतत असतात, ओल्या क्लियरवर एकेक तंतू केसासारखा उठून दिसतो आणि तो नंतर निघत नाही. सुट्टीच्या दिवशी लूम बंद असताना, किंवा सरळ दुसऱ्या पेठेतल्या मित्राच्या गच्चीवर.

स्प्रे २०-२५ सेंटीमीटरवरून, हात थांबवायचा नाही, सुरुवात स्टॉकच्या बाहेरून आणि शेवट पण बाहेर. पहिला थर इतका पातळ की खालचं प्लॅस्टिक दिसलंच पाहिजे. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. एकाच थरात झाकायला गेलात की ओघळ आलाच. मॅट आणि सॅटिन क्लियरचा डबा मारायच्या आधी दोन मिनिटं तरी हलवा, मॅट करणारी पूड तळाला बसते, आणि नीट हलवलं नाही तर एक बाजू मॅट आणि एक बाजू चमकदार येते.

साधा डब्यातला स्प्रे घरी मारायला ठीक, तोंडाला सॉल्व्हेंटचा फिल्टर असलेला मास्क लावून. पण खरा टिकाऊपणा हवा असेल तर गाड्यांना मारतात तो हार्डनरवाला (कडक करणारं रसायन मिसळलेला) पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, क्लियरच, घाम, तेल, मच्छरचं क्रीम सगळं तोच सोसतो. तो मात्र घरी मारू नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, फुप्फुसाला घातक, साध्या कापडी मास्कनं अडत नाही. घासून-पुसून मास्किंग केलेला स्टॉक घेऊन पेंटरकडे जा, त्यांच्या बूथमध्ये मारून घ्या. आमच्याकडचे एक पेंटर अण्णा आहेत, त्यांना मी नेहमी सांगतो, "अण्णा, गाडीचं काम निघालं की उरलेल्या क्लियरमध्ये मॅट बेस घालून हा मारा." त्यांना वेगळं मटेरियल बनवावं लागत नाही आणि आपल्याला कमी पैशात चांगला माल मिळतो. फक्त जाताना रायफल नाही, नुसता स्टॉक न्यायचा, आणि ठरवलेल्या रंगाचा टेस्ट तुकडा बरोबर न्यायचा. "सॅटिन द्या" एवढं तोंडी सांगितलं तर प्रत्येकाचं सॅटिन वेगळं निघतं, तुकडा दाखवला की विषय संपतो.

सुकणं, जोडणं आणि पुढची काळजी

हाताला कोरडं लागलं म्हणजे सुकलं असं नाही. साधा स्प्रे असो का पीयू, पूर्ण कडक व्हायला आठवडाभर धरा, तोपर्यंत जोडणी नाही, बॅगेत ठेवणं तर नाहीच, बॅगेचं अस्तर ओल्यासारख्या पेंटवर छाप उमटवतं. लवकर सुकावा म्हणून कडक उन्हात पण ठेवू नका, वरची साय धरते आणि आत मऊ राहतं.

जोडताना सगळे स्क्रू आधी हातानं लावून घ्या, मग आळीपाळीनं थोडे थोडे आवळा. प्लॅस्टिक स्टॉकवर जोर करून आवळलं की स्क्रूच्या डोक्याखाली पेंट आणि प्लॅस्टिक दोन्ही चिरडतं. जोडल्यावर झीरो, म्हणजे साइट आणि पेलेट एकाच जागी लागतात का ते, नव्यानं बघायलाच लागतो. नवीन पेंट स्क्रूखाली थोडा दबतो, म्हणून पहिल्या एक-दोन सरावानंतर स्क्रू परत तपासा, स्प्रिंग रायफलच्या धक्क्यानं ते तसेही सैल होतात.

उन्हाळ्यात गालासाठी एक सोपा उपाय आहे जो कुठल्याही पेंटपेक्षा स्वस्त पडतो. आपल्याच सोलापुरी टेरी टॉवेलचा एक पट्टा कापून, कडा शिवून, दोन टोकांना वेल्क्रो लावून गालाच्या जागी गुंडाळा. घाम शोषतो, चटका लागत नाही, धुता येतो. जाडी थोडी वाढते म्हणून डोळा वर येतो, तेवढी साइट बघून घ्या. स्पर्धेत मारणार असाल तर असा पट्टा चालतो का ते आधी कोचला विचारा.

रोजचं म्हणजे सराव झाला की ओल्या सुती फडक्यानं गाल आणि ग्रिप पुसायची, घामातलं मीठ पेंटवर सुकू द्यायचं नाही. मॅट-सॅटिनवर गाडीचं पॉलिश किंवा डॅशबोर्डचा चमक स्प्रे कधीच नको, एक तर चकाकी येते आणि दुसरं म्हणजे त्यात सिलिकॉन असतं, पुढे कधी परत रंगवायचा झाला तर तेच खड्डे पडायला लागतील. गाडीच्या मागच्या काचेखाली रायफल ठेवून होटगी रोडच्या उन्हात गाडी उभी करू नका, बंद गाडीत स्टॉक, स्कोप आणि आतलं वंगण तिन्ही खराब होतं. घरी ठेवताना बॅगेची चेन बंद करण्याआधी स्टॉकवर हात फिरवून बघा, दमट लागला तर रात्रभर बॅगेबाहेर, पण पोरांच्या हाताला लागणार नाही अशा कुलुपाच्या कपाटातच, आणि पेलेट दुसऱ्या कप्प्यात.